ऋणाची फेड

वऱ्हाडच्या उत्तर सीमेवर सातपुड्याच्या रांगा पसरल्या आहेत. त्या रांगांतील मेळघाटच्या अरण्यात, सिपना नदीच्या काठी, सेमाडोह नावाचे लहानसे गाव आहे. सभोवार सागाचे दाट वन आणि अधूनमधून कोरकू लोकांच्या वस्त्या, असा तो प्रदेश. तेथून घाट उतरून परतवाड्याच्या वाटेने दक्षिणेकडे निघाले की अरण्य मागे पडते आणि कपाशीच्या काळ्या जमिनीचा सपाट मुलूख लागतो. एकाच अमरावती जिल्ह्याची ही दोन रूपे. एकात उंच डोंगर आणि दुसऱ्यात मोकळे शिवार. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी या दोन्ही भागांत एक गोष्ट सारखीच होती. ती म्हणजे सामान्य माणसाच्या मुलाला शाळा दूर होती. गावात शाळा असली तरी ती दोन-तीन इयत्तांवर थांबे. पुढे शिकायचे तर घर सोडून परगावी राहावे लागे, आणि परगावी राहण्यासाठी पैसा लागे. म्हणून बहुतेक मुलांचे शिक्षण गावच्या वेशीशीच संपत असे.

याच जिल्ह्याच्या दक्षिण भागातील पापळ या खेड्यात २७ डिसेंबर १८९८ रोजी एका शेतकरी कुटुंबात पंजाबरावांचा जन्म झाला. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे राधाबाई. घरी शेती होती, मान होता. परंतु संपत्ती अशी नव्हती. पावसाने साथ दिली तर घर सुखात चाले, आणि त्याने पाठ फिरवली तर सावकाराचे दार दिसे. त्या काळच्या वऱ्हाडी शेतकऱ्याचे जीवन हे असेच होते.

पंजाबरावांच्या शिक्षणाची कथा ही एका लांब प्रवासाचीच कथा आहे. पहिली अक्षरे त्यांनी पापळच्या शाळेत गिरविली. परंतु गावच्या शाळेत पुढच्या इयत्तेची सोय नव्हती. तेव्हा त्यांना चांदूर रेल्वे येथे जावे लागले. त्यानंतर कारंजा, आणि त्याहीनंतर अमरावतीचे हिंद हायस्कूल. दर दोन-चार वर्षांनी नवे गाव, नवे घर आणि नवे सोबती. आईच्या हातची भाकरी सोडून बालवयातच त्यांना परक्या ठिकाणी राहावे लागले. आपल्या वाट्यास आलेली ही वणवण त्यांच्या मनात खोल रुजली असली पाहिजे. कारण पुढे त्यांच्या हातून जे कार्य घडले, त्याचे मूळ या दिवसांतच सापडते.

मॅट्रिक झाल्यावर पुन्हा तीच अडचण उभी राहिली. त्या वेळी अमरावतीस महाविद्यालय नव्हते. तेथील पहिले सरकारी महाविद्यालय १९२३ साली निघाले आणि नागपूर विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षी झाली. म्हणून पंजाबरावांनी पुण्याचा रस्ता धरला आणि ते फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. पुणे हे विद्येचे माहेरघर. तेथे विलायतेस जाऊन मोठ्या पदव्या मिळविलेल्या विद्वानांची नावे आदराने घेतली जात. फर्ग्युसनचे त्या वेळचे प्राचार्य रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे तर केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सर्वप्रथम आलेले. त्यांचा जन्मही कोकणातील एका खेड्यातलाच. अशा वातावरणात वऱ्हाडातून आलेल्या या विद्यार्थ्याच्या मनातही विलायतेच्या शिक्षणाची आकांक्षा जागी झाली, यात नवल नाही.

परंतु आकांक्षा आणि तिची पूर्ती यांच्यामध्ये पैशाची मोठी दरी होती. बोटीचे भाडे, विद्यापीठाची फी, निवासाचा आणि भोजनाचा खर्च, शिवाय थंड देशात लागणारे कपडेलत्ते! कपाशीच्या एखाद्या चांगल्या पिकावर भागेल असा हा खर्च नव्हता. शामरावांनी पुष्कळ विचार केला असेल. अखेर त्यांनी आपली जमीन गहाण ठेवून कर्ज काढले.

शेतकऱ्याने जमीन गहाण ठेवणे म्हणजे काय, हे खेड्यात वाढलेल्या माणसास सांगावे लागत नाही. जमीन ही त्याची केवळ मालमत्ता नसते. ती त्याची आई असते, त्याची प्रतिष्ठा असते आणि म्हातारपणाचा आधारही असते. त्यातून वऱ्हाडची शेती ही कापसाची. कापसाचा भाव दूरच्या देशांतील बाजारांत ठरे. तो चढला म्हणजे शेतकऱ्याच्या हाती चार पैसे खुळखुळत, आणि उतरला म्हणजे व्याज भरणेही कठीण होई. व्याजावर व्याज चढून अनेकांच्या जमिनी सावकाराच्या घशात गेलेल्या शामरावांनी पाहिल्या असणारच. तरीही मुलाच्या विद्येसाठी त्यांनी हे साहस केले. मुलगा परत येईपर्यंत आपण असू की नाही, तो यशस्वी होईल की नाही, याची शाश्वती कोणालाच नव्हती. शाश्वती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे मुलावरील विश्वासाची.

१९२० साली पंजाबराव विलायतेस निघाले. पापळच्या काळ्या मातीतून निघालेला हा तरुण समुद्र ओलांडून स्कॉटलंडमधील एडिंबरोस पोहोचला. तेथील विद्यापीठात त्यांनी संस्कृत हा विषय घेतला. हिंदुस्थानातून इतक्या दूर जाऊन संस्कृत शिकावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. परंतु त्या काळी युरोपातील अनेक विद्यापीठांत संस्कृतचे अध्ययन मोठ्या आस्थेने चालत असे. एडिंबरोस आर्थर बेरिडेल कीथ हे संस्कृतचे विख्यात प्राध्यापक होते. वैदिक वाङ्मयावरील त्यांचे ग्रंथ विद्वानांत प्रमाण मानले जात. पंजाबरावांनी एडिंबरोची एम. ए. ही पदवी संपादन केली आणि संस्कृतातील संशोधनासाठी तेथील व्हान्स डनलॉप शिष्यवृत्तीही मिळविली.

या शिष्यवृत्तीचे मोल केवळ पैशांत मोजता येणार नाही. तोवरचे शिक्षण वडिलांच्या गहाण जमिनीवर उभे होते. आता स्वतःच्या बुद्धीच्या बळावर मिळविलेल्या धनाचा त्यास आधार मिळाला. शिवाय ती शिष्यवृत्ती म्हणजे या विद्यार्थ्याच्या योग्यतेची एका जुन्या विद्यापीठाने दिलेली ग्वाही होती. या ग्वाहीच्या जोरावर पंजाबरावांनी पुढचे पाऊल टाकले, ते ऑक्सफर्डकडे.

ऑक्सफर्ड हे इंग्लंडमधील सर्वांत प्राचीन विद्यापीठ. त्याची रचना आपल्याकडील विद्यापीठांहून निराळी आहे. तेथे एकच मोठी इमारत नाही. गावभर पसरलेली अनेक महाविद्यालये मिळून ते विद्यापीठ बनले आहे. त्यांपैकी युनिव्हर्सिटी, बेलियल आणि मर्टन ही महाविद्यालये तेराव्या शतकातली. प्रत्येक महाविद्यालयाचे प्रांगण निराळे, ग्रंथालय निराळे, भोजनगृहही निराळे. व्याख्याने आणि परीक्षा विद्यापीठाच्या. परंतु विद्यार्थी राहतात, जेवतात आणि गुरुजनांच्या सहवासात वाढतात ते महाविद्यालयांत. निरनिराळे विषय शिकणारे तरुण रोज एका मोठ्या दालनात एकत्र जेवावयास बसतात, आणि हा सहवास हाच तेथील शिक्षणाचा अर्धा भाग मानला जातो. १६०२ साली उघडलेले बोडलियन ग्रंथालय हे तर त्या नगरीचे भूषणच होय.

वेदविद्येच्या अभ्यासकाला ऑक्सफर्डचे आकर्षण वाटावे, याचे आणखी एक कारण होते. मॅक्स म्यूलर या पंडिताने सायणभाष्यासह संपूर्ण ऋग्वेद संपादित केला, तो याच नगरीत राहून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सुरू झालेले हे काम पुरे होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. संस्कृतच्या अध्यापनासाठी ऑक्सफर्डमध्ये एक स्वतंत्र अध्यासन पूर्वीपासूनच होते. पंजाबराव इंग्लंडात होते तेव्हा त्या अध्यासनावर वैदिक देवतांवरील ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेले मॅक्डोनेल हे विद्वान होते. मॅक्डोनेल यांचा जन्म बिहारमधील मुझफ्फरपूरचा.

अशा विद्यापीठात प्रवेश मिळणे सोपे नव्हते. हिंदी विद्यार्थ्यांसाठी तेथील महाविद्यालयांत जागा थोड्या असत आणि मागणी करणारे पुष्कळ असत. इंग्लंडात जाणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांच्या अडचणी इतक्या वाढल्या होत्या की, त्यांचा विचार करण्यासाठी १९२१ साली लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. डी. फिल. ही संशोधनाची पदवीही ऑक्सफर्डमध्ये १९१७ साली सुरू झालेली, म्हणजे तशी नवीनच होती. तिच्यासाठी केवळ पाठांतर उपयोगी पडत नसे. विषय स्वतः निवडायचा, मूळ ग्रंथ स्वतः वाचून त्यांतून नवा निष्कर्ष काढायचा, आणि तो जाणत्या परीक्षकांपुढे सिद्ध करून दाखवायचा, असा हा क्रम होता. या पदवीसाठी ऑक्सफर्डने पंजाबरावांना प्रवेश दिला.

पापळच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला ऑक्सफर्डचे दार उघडले, एवढाच या घटनेचा अर्थ नव्हे. त्यांनी अभ्यासासाठी निवडलेला विषय लक्षात घेतला म्हणजे तिचे खरे महत्त्व कळते. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा त्यांचा विषय होता. त्या काळी महाराष्ट्रात वेदांच्या अधिकारासंबंधी मोठा वाद माजला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींना, ते राजे असूनही, वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाकारण्यात आला होता. जेथे राजालाही हा अधिकार मिळेना, तेथे नांगर धरणाऱ्याच्या मुलाची काय कथा! ज्या वेदांचे मंत्र आपल्या घरच्या कार्यात ऐकण्यासही खेड्यातील बहुजन समाज पात्र ठरत नव्हता, त्याच वेदांचा अभ्यास करण्यासाठी त्या समाजातील एक तरुण जगातील एका नामांकित विद्यापीठात सन्मानाने बसला. त्याने कोणाशी वाद घातला नाही, कोणास दूषण दिले नाही. ऋचांवर ऋचा वाचून, भाषांची तुलना करून आणि रात्री जागवून त्याने आपला अधिकार सिद्ध केला. विद्येला जात नसते, हे वचन आपण अनेकदा ऐकतो. पंजाबरावांनी ते आचरून दाखविले.

आपल्या प्रबंधात पंजाबरावांनी आर्यांच्या धर्मकल्पनांचा माग फार मागे जाऊन घेतला. ज्या काळी भारतीय, इराणी आणि युरोपीय लोकांचे पूर्वज एकमेकांना जवळचे होते, त्या काळापासून आरंभ करून वेदकाळापर्यंत देवतांच्या आणि उपासनेच्या कल्पना कशा बदलत गेल्या, हे त्यांनी त्यात मांडले. हा प्रबंध मान्य होऊन त्यांना डी. फिल. ही पदवी मिळाली. याच काळात कायद्याचा अभ्यास करून ते बॅरिस्टरही झाले. पुढे १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्यांचा हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यास कीथ यांची प्रस्तावना लाभली.

१९२६ साली पंजाबराव मायदेशी परतले. हाती ऑक्सफर्डची पदवी, जोडीला बॅरिस्टरी. अशा तरुणास त्या काळी मुंबईसारख्या शहरात कीर्ती आणि पैसा या दोहोंची वाण पडली नसती. परंतु ते परत आले ते आपल्या वऱ्हाडात. अमरावतीस त्यांनी वकिली सुरू केली; मात्र त्यांचे मन पक्षकारांच्या कागदांत फार काळ रमले नाही. ज्या खेड्यांतून आपण शिकावयास बाहेर पडलो, त्या खेड्यांतील हजारो मुले अजून तेथेच अडकून पडली आहेत, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. एका मुलाला विलायतेस धाडण्यासाठी एका बापाने जमीन गहाण टाकली होती. परंतु प्रत्येक बापाजवळ गहाण टाकण्याजोगी जमीन कोठून असणार? आणि ज्याच्याजवळ ती नाही, त्याच्या मुलाने अज्ञानातच राहावे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात त्यांनी आपले आयुष्य वेचले.

आरंभ झाला तो एका वसतिगृहापासून. खेड्यातील मुलाला शहरात शिकायचे तर प्रथम त्याच्या निवाऱ्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय हवी, हे पंजाबराव स्वानुभवाने जाणून होते. त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. १९२६ च्या डिसेंबरात ज्यांची हत्या झाली, त्या स्वामी श्रद्धानंदांचे नाव त्यास दिले होते. या छात्रालयाचे वैशिष्ट्य असे की, तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत. ऑक्सफर्डच्या दगडी दालनांपुढे अमरावतीचे हे साधे छात्रालय म्हणजे काहीच नव्हे. परंतु एका छपराखाली राहावे, एका पंगतीस बसावे आणि परस्परांच्या सहवासात शिकावे, हे तत्त्व दोन्ही ठिकाणी एकच होते. अमरावतीस तर ते अधिक कठीण होते. कारण येथे पंगतीत बसण्यापूर्वी पिढ्यान्‌पिढ्यांचा भेदभाव बाहेर ठेवावा लागे.

हा भेदभाव नाहीसा करण्यासाठी पंजाबरावांनी केवळ उपदेश केला नाही. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून जी चळवळ झाली, तिच्या अग्रभागी ते होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात या प्रश्नासाठी अमरावतीस भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भूषविले होते. त्याच महिन्यात पंजाबरावांनी मुंबईच्या विमल वैद्य यांच्याशी विवाह केला. हा विवाह आंतरजातीय होता. त्यामुळे त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. परंतु जे बोलायचे ते स्वतःच्या घरापासून करावयाचे, हा त्यांचा बाणा होता. विमलाबाईंनी विवाहानंतरही आपले शिक्षण चालू ठेवले आणि त्या कायद्याच्या पदवीधर झाल्या.

१९२८ साली पंजाबराव अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. या अधिकाराचा उपयोग त्यांनी खेडोपाडी प्राथमिक शिक्षणाचा प्रसार करण्यासाठी आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्यासाठी केला. १९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून आले, आणि शिक्षण व शेती या खात्यांचे मंत्री झाले. ही दोन खाती एकाच्या हाती यावीत, हा मोठा सुयोग होता. कारण शेतकऱ्याच्या दैन्याची आणि अज्ञानाची गाठ किती घट्ट आहे, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

ते दिवस मोठ्या मंदीचे होते. कापसाचे भाव कोसळले होते आणि कर्जाच्या ओझ्याखाली शेतकरी पिचून गेला होता. या संकटातून त्यास वाचविण्यासाठी पंजाबरावांनी परिश्रम घेतले, आणि १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा झाला. या कायद्यान्वये लवाद मंडळे नेमण्यात आली. मंडळाने सावकार आणि ऋणको या दोघांस समोरासमोर बसवावे, कर्जाची वाजवी रक्कम ठरवावी आणि ती फेडण्यासाठी हप्ते बांधून द्यावेत, अशी त्यात योजना होती. ज्याचे शिक्षण गहाण जमिनीवर झाले, त्याच्या प्रयत्नांनी इतरांच्या जमिनी वाचविणारा कायदा व्हावा, यापेक्षा ऋणाची अधिक चांगली फेड कोणती?

परंतु त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य म्हणजे १९३२ साली अमरावतीस स्थापन झालेली श्री शिवाजी शिक्षण संस्था. एका छात्रालयाने आणि एका शाळेने वऱ्हाडची गरज भागणार नव्हती. गावोगावी शाळा हव्या होत्या, तालुक्याच्या ठिकाणी विद्यालये हवी होती आणि पुढे महाविद्यालयेही हवी होती. या कार्यासाठी पंजाबराव खेड्यापाड्यांतून हिंडले. पाहता पाहता संस्थेचा वृक्ष विदर्भभर पसरला. कला, विज्ञान, वाणिज्य, शेती, शिक्षणशास्त्र अशा अनेक विद्याशाखांची महाविद्यालये तिने काढली. ज्या अमरावतीहून कधी काळी त्यांना महाविद्यालयासाठी पुण्यास जावे लागले होते, तीच अमरावती विद्येचे एक केंद्र बनली. लोक त्यांना आता प्रेमाने भाऊसाहेब म्हणू लागले.

स्वातंत्र्याच्या उदयकाळी भाऊसाहेब घटना समितीचे सभासद होते. तेथे त्यांनी मागासलेल्या वर्गांची आणि ग्रामीण जनतेची बाजू आग्रहाने मांडली. १९५२ साली अमरावतीच्या जनतेने त्यांना लोकसभेवर निवडून दिले आणि पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळात शेतीचे काम त्यांच्याकडे आले. पुढची दहा वर्षे ते केंद्रात मंत्री होते. भाताच्या लागवडीच्या जपानी पद्धतीचा त्यांनी देशभर प्रसार केला. १९५५ साली त्यांच्या पुढाकाराने भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरले, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवरही तेथे उपस्थित होते. देशोदेशींची शेती भारतीय शेतकऱ्यास एका ठिकाणी पाहावयास मिळाली. एके काळी शेतकऱ्याच्या मुलाला जग पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला होता. आता त्याच मुलाने जगच शेतकऱ्याच्या दारी आणले होते.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे भाऊसाहेबांचे निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १९६९ साली, अकोल्यास कृषिविद्यापीठ स्थापन झाले. त्या विद्यापीठास आज डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. ज्याने स्वतःसाठी दूरच्या विद्यापीठाचे दार ठोठावले, त्याच्या नावाचे विद्यापीठ त्याच्याच वऱ्हाडात उभे राहिले.

मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळणे ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु तो प्रवेश एकट्या विद्यार्थ्याचा कधीच नसतो. त्यामागे कोणा बापाची गहाण जमीन असते, कोणा आईची सोसलेली ताटातूट असते, कोणा गुरूचे श्रम असतात. हे ऋण विसरून जो केवळ आपला उत्कर्ष साधतो, त्याची विद्या त्याच्यापुरतीच राहते. भाऊसाहेबांनी हे ऋण आयुष्यभर स्मरणात ठेवले आणि शतपटीने फेडले. सेमाडोहच्या वनातील कोरकू मुलगा असो की पापळच्या शिवारातील शेतकऱ्याची मुलगी असो, आज पाठीवर दप्तर घेऊन ते शाळेच्या वाटेने निघतात. ती वाट रुंद करण्यासाठी ज्यांनी कष्ट उपसले, त्यांत पापळच्या या सुपुत्राचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.